दोन टिचक्या

१

एकमेकांना छेदणाऱ्या दोन रस्त्यांना एकाच वेळी हिरवा दिवा मिळत नाही, एवढं तर कुणालाही कळतं. तरीही सोमवारी सकाळी सव्वादहाला पादचारी पुलाच्या चौकात ज्या दोन गाड्या आदळल्या, त्या दोन्ही गाड्यांतली माणसं छातीठोकपणे सांगत होती, की दिवा आमचाच हिरवा होता.

एक गाडी होती ड्रायव्हिंग स्कूलची, टपावर 'शिकाऊ' अशी पाटी मिरवणारी. दुसरी लाँड्रीची व्हॅन, डावीकडच्या रस्त्याने आलेली. शिकाऊ गाडीचं नाक व्हॅनच्या कुशीत घुसलं, व्हॅन गर्रकन फिरून खांबावर गेली आणि कुठल्याशा हॉटेलच्या धुतलेल्या चादरी चौकभर पसरल्या. शिकाऊ गाडीतल्या दोघांना नुसतं खरचटलं. लाँड्रीवाल्याचा मात्र पाय मांडीत मोडला.

दोघांपैकी खरा कोण, हे ठरवायला विमा कंपनीने टेपबाईंना पाठवलं.

टेपबाईंचं हे नाव ऑफिसातल्या टवाळखोरांनी ठेवलेलं. पंचेचाळिशीच्या, काटक, मानेवर घट्ट अंबाडा, आणि खांद्याच्या पिशवीत पन्नास मीटरची टेप. अपघात झाला की आधी रस्ता मोजायचा आणि मग माणसांशी बोलायचं, हा त्यांचा शिरस्ता. "माणसं रडतात, ओरडतात, शपथा घेतात," त्या म्हणायच्या. "रस्त्याला तसलं काही जमत नाही."

त्या दिवशीही त्यांनी आधी टेप उलगडली. थांबण्याच्या पांढऱ्या रेषेपासून काचांच्या ढिगापर्यंत अंतर भरलं अकरा मीटर. व्हॅनची चाकं रस्त्यावर काळे ओरखडे ओढत गेली होती. शिकाऊ गाडीच्या चाकांचा एकही ओरखडा नव्हता. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि वर पाहिलं. डोक्यावर पादचारी पूल इतका खाली आला होता, की सिग्नलचे दिवे उभे लावायला जागाच नव्हती. तिन्ही दिवे आडवे, एका रांगेत बसवले होते. तेही त्यांनी लिहिलं. कामाचं असो नसो, दिसेल ते लिहायचं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"बाई, ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मुद्दाम तुमचंच नाव घेतलंय बरं का. म्हणाले, त्यांनाच पाठवा. ओळख आहे का?"

टेपबाईंनी चेपलेल्या दारावरचं नाव आता कुठे नीट वाचलं. हातातली टेप सरसर परत गुंडाळली गेली.

ओळख? या माणसाने बावीस वर्षांपूर्वी त्यांना तुरुंगात जाण्यापासून वाचवलं होतं.

२

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो, दुसऱ्या भिंतीवर शहराचा नकाशा आणि त्यावर शाईने काढलेली शिकवणीची वाट. तीस वर्षं तीच वाट. गावातल्या निम्म्या लोकांना स्टिअरिंग कसं धरायचं ते याच माणसाने शिकवलं होतं.

"ये पोरी," मास्तर म्हणाले. कपाळावर पट्टी होती, पण आवाज पूर्वीसारखाच भरदार. "तुला बघितलं आणि निम्मं दुखणं पळालं बघ."

टेपबाईंना एकदम तेविशीत गेल्यासारखं वाटलं.

तेव्हा त्या मास्तरांच्या गाडीत शिकत होत्या. मास्तरांचा नियम होता, पहिले पंधरा धडे सिग्नल माझा आणि रस्ता तुझा. शिकणाऱ्याने दिव्याकडे बघायचंच नाही. नजर समोर आणि आरशात. थांबायचं असेल तर मास्तर डॅशबोर्डवर तळहात पसरणार, निघायचं असेल तर नखाने दोन टिचक्या मारणार. टिक टिक, की क्लच सोडायचा. एकदा नेहमीची वाट मिरवणुकीने अडली आणि गाडी रेल्वे पुलाखालच्या चौकात आली. शेजारचा ट्रक घरघरत हलला, टिचक्या वाजल्या, त्यांनी गाडी काढली आणि समोरून आलेल्या पोस्टमनच्या सायकलला उडवलं. त्याचा गुडघा जन्माचा ताठ झाला.

"मी तळहात पसरला होता, पोरी," मास्तर तेव्हा म्हणाले होते. "टिचक्या मी मारल्याच नाहीत. घाबरलेल्या माणसाला भलतंच ऐकू येतं." आणि मग त्यांनीच पोलिसांना समजावलं, शिकाऊ आहे, पोर आहे, समज देऊन सोडा. त्या सुटल्या. मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं तो पोस्टमन पाय ओढत त्यांच्याच गल्लीत पत्रं टाकायचा आणि त्या खिडकीआड उभ्या राहायच्या. अपघातांच्या तपासाची नोकरी धरली तीही त्यापायीच. आपल्या कानांवर त्यांचा पुन्हा कधी विश्वास बसला नाही. टेप परवडली.

"लाँड्रीवाल्याने लाल तोडला," मास्तर सांगत होते. "आमची शिकाऊ पोरगी बिचारी शिस्तीत निघाली. समोर माझ्या मेहुण्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्याने स्वतः पाहिलंय."

"पण तुम्ही त्या चौकात कसे, मास्तर?" नकाशाकडे बघत टेपबाईंनी विचारलं. "तुमची वाट तर तिकडून जातच नाही."

"मोठा रस्ता खणून ठेवलाय ना पाइपांसाठी. नाहीतर मी कशाला मरायला जातो तिकडे?"

मागून मास्तरीणबाई पिशवी घेऊन आल्या. पिशवी टेबलावर उपडी केली तर टोमॅटो घरंगळले, निम्मे पिकलेले आणि निम्मे कच्चे.

"बघ गं, बघ तुझ्या मास्तरांची खरेदी! तीस वर्षं झाली संसाराला, पण या माणसाला पिकलेलं आणि कच्चं काही कळत नाही. मी आजारी पडले की घरात हे असं."

"चटणी कर हिरव्यांची," मास्तर म्हणाले, आणि तिघंही हसली. खूप दिवसांनी माहेरी आल्यासारखं वाटलं टेपबाईंना. मास्तरांचं काम आपल्या हातून नीट पार पडावं, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात होतं.

पण संध्याकाळी त्यांना एक टॅक्सीवाला भेटला, आणि त्याने मास्तरांची गोष्ट एका वाक्यात मोडीत काढली.

३

टॅक्सीवाला त्या सकाळी शिकाऊ गाडीच्या शेजारच्या रांगेत उभा होता. ती रांग फक्त डावीकडे वळणाऱ्यांची. तिला वेगळा दिवा, हिरव्या बाणाचा.

"माझा बाण लागला, मी निघालो," तो म्हणाला. "आणि ही शिकाऊ गाडीपण माझ्याबरोबरच सुटली की! मला वाटलं, हिलाही वळायचंय. तर ती सरळ गेली. पुढे धडाम."

टेपबाईंनी सिग्नल खात्यातून त्या चौकाचं वेळापत्रक मिळवलं. कोणता दिवा कुठल्या दिव्याबरोबर लागतो, याचा तक्ता. त्यात शंकेला जागाच नव्हती. डावीकडचा बाण हिरवा असतो तेव्हा डावीकडून येणारा रस्ता हिरवा असतो, आणि सरळ जाणाऱ्यांना लाल. म्हणजे दिवा लाँड्रीवाल्याचा होता. शिकाऊ गाडी लालवर सुटली होती. आणि चष्मेवाल्याने जे 'स्वतः पाहिलं' ते घडलंच नव्हतं.

जड पावलांनी त्या पुन्हा मास्तरांकडे गेल्या. तक्ता समोर ठेवला. मास्तरांनी तक्त्यावरून बोट फिरवलं.

"मग आता खरं सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या पोरीला वाचवायला खोटं बोललो. मेहुण्यालाही मीच सांगितलं तसं बोलायला. मी तळहात पसरला होता. ती माझ्या हाताकडे न बघताच सुटली."

"लिहून द्याल?"

"देतो की."

मास्तरांनी टेबलावरच्या मगमधलं एक पेन उचललं आणि लिहायला बसले. मध्येच पेन कोरडं पडलं, तसं ते बाजूला टाकून दुसरं घेतलं. सही करून कागदाची घडी टेपबाईंच्या हातात दिली.

"पोरीवर जास्त कडक लिहू नकोस. तुझ्यासारखीच आहे. शिकेल."

टेपबाई मान हलवून निघाल्या. बसमध्ये बसल्यावर त्यांना शिकणाऱ्या मुलीची माहिती आठवली. ती नर्स होती. लांबलांबच्या वस्त्यांवर गाडी घेऊन फिरणाऱ्या नर्सच्या जागेवर तिची निवड झाली होती. महिनाअखेर लायसन दाखवायचं, एवढीच अट उरली होती. टेपबाईंच्या अहवालात तिच्या नावापुढे 'दोषी' लागलं, की तीन वर्षं लायसन विसरायचं, आणि जागा यादीतल्या पुढच्या बाईला.

मास्तरांची साक्ष, टॅक्सीवाल्याची साक्ष, सिग्नलचा तक्ता. सगळं त्या मुलीच्या विरुद्ध उभं होतं. उरली होती फक्त ती स्वतः.

४

नर्स हॉस्पिटलच्या कपडे बदलण्याच्या खोलीत भेटली. लोखंडी कपाटांची रांग, बाकावर घडी केलेला गणवेश. ड्युटी संपली होती, तरी ती घरी गेली नव्हती.

"लाँड्रीवाले दादा वरच्या वॉर्डात आहेत," ती म्हणाली. "मी रोज जाते बघायला. ते बोलत नाहीत माझ्याशी. भिंतीकडे तोंड करतात."

"पोलिसांना तू सांगितलंस, दिवा हिरवा होता. तू पाहिलास?"

"नाही." ती बोटं मोडत होती. "माझा नववा धडा होता. दिवा आपण बघायचाच नसतो. मास्तरांचा दिवा तोच आपला दिवा."

"मग हिरवा कशावरून म्हणालीस?"

नर्स एकदम रडायलाच लागली. "मॅडम, माझीच चूक असणार. मास्तर कशाला खोटं बोलतील? ते काल घरी येऊन गेले. म्हणाले, मी तळहात पसरला होता, तू बघितला नाहीस. पण मला... मला दोन टिचक्या ऐकू आल्या होत्या, मॅडम. अगदी स्पष्ट, टिक टिक. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. तर ते म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घाबरलेल्या माणसाला भलतंच ऐकू येतं."

टेपबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं आणि कपाटाखाली गेलं. ते काढायला त्या वाकल्या नाहीत. त्या मुलीच्या शेजारी, गणवेशाच्या घडीवरच त्या बसल्या.

तेच वाक्य. अक्षर न् अक्षर तेच. बावीस वर्षं जपून ठेवलेलं, चांगलं मुरलेलं.

"तुला भीती कधी वाटली?" त्यांनी विचारलं. "टिचक्यांच्या आधी, की धडकेनंतर?"

"नंतर. आधी कशाला वाटेल? मास्तर शेजारी होते ना!"

आपणही आधी घाबरलो नव्हतो, हे टेपबाईंना त्या क्षणी बावीस वर्षांत पहिल्यांदा आठवलं.

५

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे टेपबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन बायकांना टिचक्या ऐकू आल्या, एवढ्यावर कुठलं ऑफिस विश्वास ठेवणार? आणि दुसरा प्रश्न त्याहून मोठा. मास्तरांसारखा माणूस लाल दिव्यावर 'निघ' म्हणेलच का? ते वेडे नव्हते. दारू तर शिवतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मास्तरांचा जबाब हातात धरला आणि फिसकन हसले.

"हा जबाब आहे की जाहिरात? वरचा अर्धा हिरव्या शाईत आणि खालचा लाल शाईत! मास्तरांना तपासायच्या वह्या आठवल्या की काय?"

टेपबाईंनी कागद घेतला. खरंच, वर हिरवी शाई आणि मध्येच लाल. पेन बदललं तेव्हा एक क्षणही न थांबता मास्तर लिहीत गेले होते. असा नीटनेटका माणूस, आणि विम्याच्या कागदावर ही धुळवड?

त्या खुर्चीत ताठ बसल्या. डोळ्यांपुढे टेबलावर टोमॅटो घरंगळत होते.

मग एकेक गोष्ट आपणहून जागेवर येऊन बसू लागली. त्यांनी वही उघडली. आडवे दिवे, हे त्यांनीच लिहिलं होतं. लाल आणि हिरवा ज्याला वेगळा दिसत नाही, त्याचं उभ्या सिग्नलवर अडत नाही. वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं. तीस वर्षं निघतात अशी. पण दिवे आडवे पडले की वरचाही नाही आणि खालचाही नाही. मग तो शेजारच्या गाडीकडे बघणार. ती हलली की आपण हलायचं. परवा शेजारची टॅक्सी हलली होती. तिच्या बाणावर.

आणि बावीस वर्षांपूर्वी ट्रक हलला होता. रेल्वे पुलाखाली. तिथेही पूल खाली होता, आणि तिथलेही दिवे आडवेच होते.

भिंतीवरच्या नकाशातली ती तीस वर्षांची वाट या दोन्ही चौकांना वळसा घालून जात होती. टेपबाई त्या वाटेला शिस्त समजत आल्या होत्या.

चष्मेवाल्याच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. टेपबाईंनी नमस्कारही केला नाही. मास्तरांचा जबाब काउंटरवर पसरला.

"हे दोन रंग तुम्हाला दिसतात ना?"

चष्मेवाल्याने कागदाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"दर पाच वर्षांनी मास्तरांच्या लायसनसाठी डोळ्यांचा दाखला तुम्हीच देता," टेपबाई म्हणाल्या. "ती रंगीत ठिपक्यांची वही असते ना, ठिपक्यांत आकडा ओळखायचा? ती त्यांच्यापुढे कधी उघडलीत?"

"एकदा," तो पुटपुटला. "पहिल्या वेळी. एकही आकडा सांगता आला नाही. जन्मापासूनच आहे त्यांना. पण आक्काचं, माझ्या बहिणीचं, तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. स्कूलची पाटी लागली होती. मी म्हटलं, उभे सिग्नल तर ओळखतात... मग एकदा सही केली की पुढच्या वेळी नाही कशी म्हणायची, बाई?"

"आणि रेल्वे पुलाखालचा अपघात झाला, तेव्हा?"

त्याने मान खाली घातली. काच पुसायचं फडकं नुसतंच हातात चोळत राहिला.

"तेव्हा ते म्हणाले, पोरगी ऐकतेय. मानेल ती."

६

मास्तरांना टेपबाईंनी गॅरेजमध्ये बोलावलं. शिकाऊ गाडी तिथे एका कोपऱ्यात नाक चेपून उभी होती.

"बसा, मास्तर," त्यांनी डावं दार उघडून धरलं, आणि स्वतः स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. दोघांच्या मध्ये तोच जुना डॅशबोर्ड, नखांनी रंग उडालेला. मास्तरांच्या पायांशी त्यांचा वेगळा ब्रेक, शिकवणाऱ्याच्या गाडीत असतो तसा.

"तुमच्या जबाबातलं एक कळलं नाही. तुम्ही लिहिलंय, मी तळहात पसरला आणि ती सुटली ते मी पाहिलं."

"हो. पाहिलंच की."

"रेषेपासून व्हॅनपर्यंत अकरा मीटर आहेत. नववा धडा शिकणारी मुलगी थांबलेल्या गाडीतून अकरा मीटर जायला कमीत कमी साडेतीन सेकंद घेते. मी काल या जातीची गाडी घेऊन दहा वेळा करून पाहिलं. साडेतीन सेकंद, मास्तर. तुमच्या पायाखाली ब्रेक होता. तीस वर्षं तुमचा पाय अर्ध्या सेकंदात तिथे जातो. रस्त्यावर एक ओरखडा नाही. मुलगी लालवर चाललीय हे दिसत असताना तुम्ही ब्रेक का नाही दाबला?"

मास्तरांनी ब्रेकजवळचा पाय मागे घेतला.

"कारण तुमच्या लेखी ती बरोबर चालली होती. निघ म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत."

मग त्यांनी सगळंच समोर ठेवलं, हिरवी-लाल शाई, टोमॅटो, आडवे दिवे, हलणारी टॅक्सी, मेहुण्याची कबुली. "आधी मला कळेना, ज्याला रंग दिसत नाही तो 'सिग्नल माझा' असा नियम कशाला करेल? मग कळलं. शिकणाऱ्याने दिव्याकडे बघितलं असतं, तर कधीतरी कुणीतरी म्हणालं असतं, मास्तर, लाल आहे."

मास्तर फुटलेल्या काचेतून पलीकडे बघत राहिले.

"तीन हजार माणसं शिकवली," शेवटी ते म्हणाले. "तीन हजार! दोनदाच झालं असं."

"आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच्या नावावर."

"तुझं काय वाईट झालं त्यात? समज देऊन सोडलं तुला. उलट त्या धक्क्याने तू घडलीस. आज तुझ्या शब्दाला वजन आहे. ही पोरगीही सावरेल. मी सांगितलं असतं तर माझं काय उरलं असतं? बायकोचं काय?"

"मी पोस्टमनच्या घरी जाऊन पाया पडले त्याच्या. दर वर्षी जायचे, उंबऱ्यापर्यंत. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"आणि एकदाही तुम्हाला वाटलं नाही..."

"वाटलं," मास्तर म्हणाले. "मग उशीर झाला."

टेपबाई त्यांच्याकडे वळल्या. "मलाच का बोलावलंत? गावात दुसरे तपासणारे होते. साहेबांना फोन करून माझंच नाव का घेतलंत?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, की लाज नव्हती. थोडं आश्चर्यच होतं, इतकी साधी गोष्ट हिला विचारावी लागते याचं.

"तू माझं ऐकशील म्हणून," ते म्हणाले.

टेपबाईंनी दार उघडलं आणि खाली उतरल्या. माहेर समजलेलं घर आणि तिथे तीस वर्षं कच्च्या टोमॅटोंवर हसणारी बाई, सगळं त्यांच्या मनातून एकदमच उतरलं. मास्तर आत बसून राहिले. शब्द वापरण्यात पटाईत माणूस, पण 'चुकलो' हा एक शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

७

अहवाल टेपबाईंनी त्याच दिवशी लिहिला. व्हॅनचा दिवा हिरवा. शिकाऊ गाडी लालवर गेली, ती शिकवणाऱ्याच्या सूचनेवरून. शिकणारी निर्दोष.

मग त्यांनी आणखी एक कागद घेतला आणि साहेबांपुढे ठेवला. या माणसाच्या उपकाराखाली मी बावीस वर्षं होते, हे मी आधीच सांगायला हवं होतं, असं त्यात लिहिलं होतं. माझी मोजमापं दुसऱ्या तपासनिसाकडून पुन्हा करून घ्यावीत. आणि मला या प्रकरणात साक्षीदार म्हणून घ्यावं.

"कशाची साक्षीदार?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही तर चौकात नव्हता."

"पहिल्या चौकात होते," टेपबाई म्हणाल्या.

दुसऱ्या तपासनिसाने मोजलं. अकरा मीटरच भरले. मास्तरांच्या डोळ्यांपुढे ठिपक्यांची वही यावेळी सरकारी डॉक्टरांनी धरली. नर्स महिना संपायच्या दोन दिवस आधी परीक्षेला बसली. पास झाली. दिवे तिने एकेक करून मोठ्याने वाचले म्हणे, परीक्षकाला हसू आवरेना. लाँड्रीवाल्याने अजून तिच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही, पण ती आली की आता तो भिंतीकडे वळत नाही.

टेपबाई आपल्या जबाबाची एक प्रत घेऊन पोस्टमनच्या घरी गेल्या. तो आता निवृत्त झालेला, दारातल्या खुर्चीत ताठ पाय पुढे टाकून बसलेला. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटलेल्या माणसाने हा कागद दोन्ही हातांनी घेतला, चष्मा लावला आणि सावकाश वाचला. शेवटचं वाक्य त्याने बोट ठेवून पुन्हा वाचलं. 'मला दोन टिचक्या ऐकू आल्या होत्या.'

"म्हणजे बावीस वर्षं तुम्ही उगाच येत होतात," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी तुम्हाला मोठ्या मनाने माफ करून बसलो होतो." त्याने कागदाची घडी घातली, पत्राची घालावी तशी, अगदी सरळ. "आता त्या माफीचं काय करायचं हो? ज्याची आहे तो न्यायला येईल?"

टेपबाईंना मास्तरांचा तो चेहरा आठवला, फुटक्या काचेपलीकडे बघणारा.

"नाही," त्या म्हणाल्या.

पोस्टमनने ताठ पाय हातांनी उचलून बाजूला घेतला आणि शेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

"मग बसा तरी. दर वेळी उंबऱ्यावर उभ्याउभ्याच परत जाता."

टेपबाई बसल्या.